अमेरिकेत घर शोधताना: सरकारी शाळेची श्रेणी कशी वाचावी

मे महिन्यात माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. नवऱ्याची बदली डॅलसजवळ झाली होती, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यायचं होतं, मुलगी तिसरीत जाणार होती. एक अपार्टमेंट तिला पसंत पडलं होतं. ऑफिसपासून वीस मिनिटं, भाडं झेपणारं, खाली मुलांना खेळायला जागा. "पण मामी, अगं तिथली शाळा सहाची आहे. नऊची शाळा पलीकडे आहे, तिथे भाडं खूपच जास्त. काय करू?"

सहाची शाळा, नऊची शाळा, म्हणजे घर शोधण्याच्या ॲपवर दिसणाऱ्या खासगी आकड्यात दहापैकी सहा किंवा नऊ. नव्यानं येणाऱ्या मराठी घरांत हे शब्द मी इतक्या वर्षांत असंख्य वेळा ऐकले आहेत, आणि आम्ही आलो तेव्हा मीही असंच बोलत होते. मी तिला म्हटलं, घर सोडायच्या आधी त्या सहाच्या पोटात काय आहे ते बघू. तिची सकाळ, माझी रात्र, असे दोन तास व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही जे केलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. हिशेब टेक्सासचा मांडला आहे, कारण तो मला पाठ आहे. तुम्ही न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा नॉर्थ कॅरोलायनाला चालला असाल, तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी थोडी ओळख

इथे 'ग्रेड' हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि नवीन माणूस गोंधळतो. थर्ड ग्रेड म्हणजे तिसरी, आणि शाळेला मिळालेली बी ग्रेड म्हणजे श्रेणी. या लेखात मी इयत्ता आणि श्रेणी असेच शब्द वापरते.

पब्लिक स्कूल म्हणजे फी नसलेली सरकारी शाळा. ती चालवतं स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट, पैसा येतो मुख्यतः त्या भागाच्या मालमत्ता करातून आणि राज्याकडून, आणि तिला श्रेणी देतं राज्य. दिल्लीसारखं वरून सगळं ठरवणारं बोर्ड इथे नाही. वॉशिंग्टननं फक्त चौकट घालून दिली आहे. २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' नावाचा कायदा आला आणि २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ठरलेल्या पातळीला आलं पाहिजे, असं त्यानं सांगितलं. ते होणं शक्य नव्हतं आणि झालंही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच्या जागी 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट' आला, तोच आज चालतो. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये एकदा, शास्त्र सगळ्या शाळकरी वर्षांत मिळून तीनदा, एवढ्या परीक्षा घ्यायच्याच. निकाल मुलांच्या गटांनुसार वेगळे दाखवायचे, ते जाहीर करायचे, आणि गरीब मुलांसाठी केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांपैकी सर्वांत खालच्या ५ टक्के शाळा ओळखून त्यांना मदत करायची. कशाला किती वजन द्यायचं आणि श्रेणीला नाव काय द्यायचं, हे मात्र राज्यावर सोडलं आहे.

त्यामुळे प्रत्येक राज्याची बोली वेगळी. फ्लोरिडानं १९९९ मध्ये ए ते एफ अशी अक्षरं द्यायला सुरुवात केली आणि पुढे बऱ्याच राज्यांनी ती उचलली. टेक्सासमध्येही अक्षरंच आहेत. ओहायोनं अक्षरं सोडून तारे धरले. इलिनॉयमध्ये 'एक्झेम्प्लरी', 'कमेंडेबल' असे शब्द असतात. मॅसॅच्युसेट्स राज्यभरातल्या शाळांची क्रमवारी लावून १ ते ९९ मधला आकडा देतं. कॅलिफोर्नियात रंग आहेत: निळा सर्वांत वर, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि खाली लाल. तिथे सगळ्याचं मिळून एक अक्षर दिलंच जात नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

एका राज्यातला ए आणि दुसऱ्या राज्यातला बी शेजारी ठेवून तुलना करू नका. परीक्षा वेगळी, उत्तीर्णतेची रेषा वेगळी, सूत्र वेगळं. सगळ्या राज्यांत सारखी घेतली जाणारी परीक्षा एकच, तिला 'नेशन्स रिपोर्ट कार्ड' म्हणतात. पण ती चौथी-आठवीच्या निवडक मुलांची असते आणि तुमच्या शाळेचा निकाल तीत मिळत नाही.

पायरी १: शाळेच्या नावावरून घर शोधू नका, पत्त्यावरून शाळा काढा

बहुतेक ठिकाणी प्रत्येक पत्ता एका ठरलेल्या शाळेच्या हद्दीत येतो. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल अशा तिन्ही शाळा कळतात. घर दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका, अपार्टमेंटच्या माहितीपत्रकावर तर नाहीच.

हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या पत्रकावर एका नावाजलेल्या शाळेचं नाव छापलेलं होतं. करार झाला, सामान लागलं, आणि नाव घालायला गेलो तर कळलं की हद्दीची रेघ आमच्या कॉम्प्लेक्सच्या मधल्या रस्त्यावरून जाते. पलीकडच्या इमारती त्या शाळेत, आमची इमारत दुसरीकडे. त्या दिवशी गाडीत बसून मी रडले होते. माझ्या धाकट्याचं अडलेलं वाचन पुढे त्या दुसऱ्या शाळेतच सुटलं, पण तेव्हा ते कुठे ठाऊक होतं?

हद्दी बदलतातही. नवी शाळा बांधली किंवा एखादी बंद झाली की डिस्ट्रिक्ट रेघा पुन्हा आखतं. त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून दोन प्रश्न विचारा: या इमारतीचा हा पत्ता येत्या वर्षी कुठे जातो, आणि हद्द बदलण्याचा विचार चालू आहे का. भाड्यानं राहणाऱ्यालाही घरमालकाइतकाच हक्क आहे. भाडेकरार आणि विजेचं बिल दाखवलं की पुरतं.

पायरी २: राज्याचंच पान उघडा, आणि आधी वर्ष बघा

राज्याच्या शिक्षण खात्याचं अधिकृत पान शोधा. टेक्सासमध्ये 'टीएक्स स्कूल्स', कॅलिफोर्नियात 'स्कूल डॅशबोर्ड', न्यू जर्सीत 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट्स'. शाळेचं नाव टाकताना गाव आणि डिस्ट्रिक्टही ताडून बघा, एकाच नावाच्या शाळा जागोजागी असतात.

पान उघडलं की श्रेणीकडे जाऊ नका, वर्षाकडे जा. परीक्षा होतात एप्रिल-मेच्या सुमाराला आणि श्रेणी येते त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे जी श्रेणी तुम्ही बघता ती गेल्या वर्षीच्या मुलांची. त्यातली पाचवीची मुलं तर शाळा सोडूनही गेलेली असतात.

टेक्सासमध्ये तर हे प्रकरण फारच लांबलं होतं. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला श्रेणीच नव्हत्या. २०२२ ला दिल्या, पण डी आणि एफ कुणाला दिले नाहीत. २०२३ ला राज्यानं निकष कडक केले, डिस्ट्रिक्टं कोर्टात गेली, आणि त्या वर्षीच्या श्रेणी बाहेर आल्या त्या थेट एप्रिल २०२५ मध्ये. कडक म्हणजे किती, याचं एक उदाहरण देते. हायस्कूलमधली किती मुलं पुढच्या शिक्षणाला, नोकरीला किंवा सैन्याला तयार झाली, यावर गुण असतात. त्या भागात ए मिळायला आधी ६० टक्के पुरत होते, ते ८८ केले. कालपर्यंत ए असलेल्या हायस्कूलला नंतर बी किंवा सी दिसला, तर शाळा बिघडली की पट्टी बदलली, हे आधी तपासा.

इयत्ताही बघा. बालवाडी, पहिली आणि दुसरीच्या मुलांची ही परीक्षा होतच नाही. पाचवीपर्यंतच्या शाळेची श्रेणी येते ती तिसरी, चौथी आणि पाचवीतून. तुमचं मूल बालवाडीत जाणार असेल, तर त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या शिक्षिकांबद्दल त्या अक्षरात काहीच नाही. काही शाळा दुसरीपर्यंतच असतात, त्यांना टेक्सास ज्या शाळेत मुलं पुढे जातात तिच्याशी जोडतं आणि तिचीच श्रेणी देतं.

पायरी ३: अक्षर उलगडा

माझ्या भाचीची शाळा राज्याच्या पानावर बी होती. खासगी संकेतस्थळावर सहा, राज्याकडे बी. हा बी कसा बनतो?

टेक्सासची परीक्षा म्हणजे 'स्टार'. तिच्या निकालात चार पातळ्या असतात. सर्वांत खाली नापास, मग 'अप्रोचेस', म्हणजे काठावर पास. मग 'मीट्स', म्हणजे इयत्तेला साजेसं येतं. आणि वर 'मास्टर्स'. राज्य तीन टक्केवाऱ्या काढतं: अप्रोचेस आणि त्याच्या वर किती, मीट्स आणि त्याच्या वर किती, मास्टर्स किती. त्या तिन्हींची सरासरी. समजा शाळेत अप्रोचेस ८२, मीट्स ५६, मास्टर्स २७. बेरीज १६५, भागिले तीन, आले ५५. हे ५५ बघून दचकू नका, आपल्याकडच्या ५५ टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. राज्याच्या तक्त्यातून ते शंभराच्या वेगळ्या पट्टीवर जातं आणि त्या पट्टीवर ९० ला ए, ८० ला बी, ७० ला सी असा हिशेब असतो.

आता गंमत बघा, मास्टर्स झालेलं मूल तिन्ही टक्केवाऱ्यांत मोजलं जातं. काठावर पास झालेलं एकदाच. म्हणून या आकड्यांत तुम्ही पहिल्यांदा बघायचा तो मधला, मीट्सचा. 'आमच्याकडे ८२ टक्के मुलं उत्तीर्ण' असं शाळेच्या पत्रकात लिहिलेलं असेल, तर त्यांनी अप्रोचेस धरलं आहे. आपल्या मुलाला त्या इयत्तेचं खरोखर यावं असं वाटत असेल, तर ५६ हा आकडा तुमच्या कामाचा.

हा झाला पहिला भाग, 'स्टुडंट अचीव्हमेंट'. दुसरा 'स्कूल प्रोग्रेस', म्हणजे मुलं किती पुढे सरकली. तिसरा 'क्लोजिंग द गॅप्स', म्हणजे वेगवेगळ्या गटांतली मुलं मागे राहिली का. पहिल्या दोनपैकी जो चांगला असेल तो ७० टक्के धरतात, तिसरा ३० टक्के.

नॉर्थ कॅरोलायनात मात्र ८० टक्के वजन परीक्षेच्या निकालाला आणि फक्त २० टक्के प्रगतीला, आणि तिथे ८५ ला ए, ७० ला बी, ५५ ला सी. एक काल्पनिक शाळा घ्या: निकाल ६२, प्रगती ८८, गटांचे ७०. टेक्सासच्या सूत्रानं ८८ चे ७० टक्के आणि ७० चे ३० टक्के, एकूण ८२.६, म्हणजे बी. नॉर्थ कॅरोलायनाच्या सूत्रानं ६२ चे ८० टक्के आणि ८८ चे २० टक्के, एकूण ६७.२, म्हणजे सी. दोन्हीकडच्या मोजपट्ट्या सारख्या नाहीत, तेव्हा हा हिशेब फक्त समजण्यापुरता. पण शाळा तीच, शिक्षक तेच, मुलं तीच, आणि अक्षर वेगळं, हे एकदा स्वतःच्या हातानं मांडून बघितलं की त्या अक्षराची भीती निम्मी होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावाकडे चाललेल्यांनी तर अक्षर बाजूला ठेवून प्रगतीचा आकडा वेगळा काढावाच.

पायरी ४: प्रगती बघा, इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्या पानावर सर्वांत मोलाचा आकडा हाच, आणि सर्वांत कमी लोक बघतात तोही हाच.

तिसरीत मूल कुठे आहे, यात शाळेचा वाटा थोडा असतो. घरात पुस्तकं आहेत का, आईबाप शिकलेले आहेत का, शनिवारी गणिताच्या क्लासला पाठवायला पैसे आहेत का, यावर ते बरंच ठरतं. ज्या शाळेच्या हद्दीत सगळे इंजिनिअर आणि डॉक्टर राहतात, तिचा निकाल चांगला येणारच. आपण तो निकाल बघतो, जास्त भाडं देऊन तिथे जातो आणि तो आणखी चांगला करतो. शाळेनं स्वतः काय केलं, हे त्यात दिसत नाही.

प्रगती मोजताना प्रश्न वेगळा असतो: गेल्या वर्षी जिथे होतं तिथून हे मूल किती पुढे गेलं? न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये याची पद्धत समजायला सोपी आहे. गेल्या वर्षीपर्यंत ज्या मुलांचे गुण सारखे होते, त्यांचा राज्यभर एक घोळका करायचा. एकाच पायरीवरून निघालेली मुलं. वर्षानं बघायचं, तुमचं मूल त्या घोळक्यात कुठे आहे. शंभरात साठांच्या पुढे असेल, तर त्याची प्रगती ६०. न्यू जर्सीत शाळेतल्या सगळ्या मुलांचे असे आकडे ओळीनं लावून मधला घेतला की शाळेचा आकडा, मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची सरासरी घेतात. ५० म्हणजे राज्याच्या मध्यावर. न्यू जर्सीत ४० च्या खाली गेला तर काळजीचं, ६० च्या वर असेल तर त्या शाळेत काहीतरी मनापासून चाललं आहे असं समजा. टेक्सासमध्ये प्रगतीची श्रेणी वेगळी दिसते. शिवाय तिथे आणखी एक तुलना असते: साधारण तेवढीच गरीब मुलं असलेल्या इतर शाळांशी. या दोन्हींमधली चांगली प्रगतीच्या भागात धरतात. फ्लोरिडा वर्गातल्या सर्वांत मागच्या २५ टक्के मुलांची प्रगती वेगळी मोजतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे निकाल एका पट्टीवर आणून तपासले आहेत. सरासरी गुण आणि घरची सांपत्तिक स्थिती यांचा संबंध फार घट्ट निघाला. प्रगतीचा मात्र सांपत्तिक स्थितीशी संबंध बराच सैल. शिकागोतली मुलं २००९ ते २०१४ या काळात तिसरीपासून आठवीपर्यंत पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकली होती. त्या वेळी शिकागोच्या शाळा म्हटलं की लोक नाक मुरडत.

भाचीच्या त्या 'सहाच्या' शाळेत प्रगतीला ए होता. पलीकडच्या 'नऊच्या' शाळेत निकालाला ए आणि प्रगतीला सी. फोनवर ती क्षणभर गप्पच झाली, मग म्हणाली, "म्हणजे तिकडे मुलं आधीच हुशार येतात?" मी म्हटलं, आकडा तरी तसंच सांगतो आहे.

एका वर्षावर जाऊ नका. लहान शाळेत तिसरीची एक तुकडी वेगळी आली तरी आकडा हलतो. तीन वर्षं शेजारी ठेवून बघा. कॅलिफोर्नियात रंगच दोन गोष्टींनी ठरतो: यंदा कुठे आहात आणि गेल्या वर्षीपेक्षा किती बदललात. म्हणून दोन पिवळ्या शाळांपैकी एक खालून वर येणारी असू शकते आणि दुसरी वरून घसरणारी. रंगावर टिचकी मारून आत जा. पण एक खूणगाठ बांधा: तो बदल गेल्या वर्षीची मुलं आणि यंदाची मुलं यांच्यातला असतो, एकाच मुलाच्या प्रगतीचा नसतो.

पायरी ५: गटांची ओळ आणि चांदणी

निकालाच्या खाली गट असतात. वंश, घरची आर्थिक स्थिती, अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेली मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं. आपली माणसं सरळ 'एशियन'ची ओळ बघतात आणि खूश होतात. ती ओळ बहुतेक ठिकाणी उंचच असते, त्यात घरचा आणि क्लासचा वाटा मोठा असतो. मी उलट सांगेन, गरीब घरातल्या मुलांची ओळ बघा. ज्या मुलांना घरून मदत नाही त्यांना ही शाळा शिकवू शकते का, याचं उत्तर तिथे आहे. तुमच्या मुलाला उद्या एखाद्या विषयात अडचण आली, तर उपयोगी पडणारी शाळा तीच. मुलाला शिकण्यात अडचण आहे हे आधीच माहीत असेल, तर अशा अडचणी असलेल्या मुलांची ओळ सगळ्यांत आधी बघा आणि बाकीचं नंतर.

आकड्याच्या जागी चांदणी (*) दिसली तर घाबरू नका. गटात मुलं फार थोडी असली, की ओळख पटू नये म्हणून आकडा झाकतात. ही मर्यादा राज्याराज्यांत वेगळी. कॅलिफोर्नियात गटात ३० मुलं नसतील, तर साधारणपणे त्या गटाला रंगच मिळत नाही.

अजून एक तपासा. काही शाळांच्या इमारतीत हुशार मुलांसाठीचा वेगळा मॅग्नेट वर्ग असतो, तिथे मुलं डिस्ट्रिक्टभरातून निवडून येतात आणि सरासरी वर उचलतात. तुमचं मूल त्या वर्गात नसेल, तर ती सरासरी त्याची नाही. चार्टर शाळा, म्हणजे बहुतेक वेळा स्वतंत्र संस्था चालवतात त्या, याही सरकारी पैशांवर चालतात, त्यांनाही श्रेणी असते. खासगी शाळांना सहसा नसते.

पायरी ६: आपण स्वतः या आकड्यांत कुठे येतो

पहिली गोष्ट हजेरी. बहुतेक राज्यांत शाळेच्या हिशेबात 'क्रॉनिक ॲबसेंटीइझम' धरतात: जे मूल १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, ते त्यात आलं. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. रजेचा अर्ज दिला, शाळेनं मंजूर केला, तरी तो दिवस मोजला जातो. कोविडच्या आधी देशात साधारण १५ टक्के मुलं यात यायची, २०२१-२२ मध्ये ती २८ टक्क्यांच्या आसपास गेली.

आपल्या घरांत हे कसं होतं, सांगते. नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची. तिकिटं डिसेंबरच्या सुरुवातीला स्वस्त, पुतण्याचं लग्न जानेवारीच्या मध्यावर, आल्यावर दोन दिवस झोपेचे, आणि फेब्रुवारीत एक ताप. झाले अठरा. आम्हाला असं पत्र आलं होतं आणि मला ते अपमानासारखं लागलं होतं, मुलगा तर वर्गात पहिल्या पाचात होता. टेक्सासमध्ये ९० टक्के हजेरी नसेल, तर त्या वर्षाचं श्रेयही (क्रेडिट, म्हणजे ते वर्ष पूर्ण केल्याची नोंद) अडू शकतं. भारतात जरूर जा, आजी-आजोबा वाट बघत असतात. पण तिकीट काढायच्या आधी शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा आणि ऑफिसात विचारा, सलग किती दिवस चालतील.

दुसरी गोष्ट घरच्या भाषेची, आणि ही माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. दाखल्याच्या वेळी एक फॉर्म येतो: घरात कोणती भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कोणती बोललं. अनेक आईबाप तिथे इंग्रजी लिहितात. मराठी लिहिलं तर मुलाला मागच्या वर्गात बसवतील, ही भीती. तसं होत नाही. मराठी लिहिल्यानं फक्त एक छोटी चाचणी होते. मुलाला इंग्रजी येत असेल, तर विषय तिथेच संपतो. येत नसेल, तर इंग्रजीची जादा मदत मिळते, फुकट, आणि शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शाळेनं तुम्हाला तसं कळवावं लागतं. ती मदत नको असेल तर नाही म्हणायचा हक्कही तुम्हाला आहे, मात्र इंग्रजीची वार्षिक चाचणी चालू राहते. टेक्सासमध्ये अशा मुलांना 'इमर्जंट बायलिंग्वल' म्हणतात, आणि ती इंग्रजीत दरवर्षी किती पुढे गेली यावर शाळेलाही गुण असतात. म्हणजे शाळेलाही तुमच्या मुलाचं इंग्रजी सुधारण्यात रस आहे. आपली भाषा फॉर्मवर लपवू नका.

खासगी संकेतस्थळांचे आकडे

ग्रेटस्कूल्सचे १ ते १० आकडे घर शोधण्याच्या झिलोसारख्या ॲपवर दिसतात. ती संस्था १९९८ पासून आहे, ना-नफा आहे, आणि माहिती मुख्यतः राज्याचीच घेते. फक्त सूत्र तिचं स्वतःचं. २०२० मध्ये तिनं प्रगतीला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, पण जिथे प्रगतीची माहिती मिळत नाही तिथे आकडा बराचसा परीक्षेच्या निकालावरच उभा राहतो. त्या आकड्यावर टिचकी मारली की तुकडे वेगवेगळे दिसतात, तेवढं तरी करा. निश हे असंच दुसरं संकेतस्थळ, ते अक्षरं देतं आणि त्यात पालकांच्या आणि मुलांच्या अभिप्रायांनाही जागा असते. यादी छोटी करायला ही दोन्ही चांगली. करारावर सही करायला नव्हेत.

हायस्कूलसाठी आलेले असाल तर शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकून चार वर्षांत हायस्कूलची पदवी (इथे हायस्कूल पूर्ण करण्यालाही ग्रॅज्युएशन म्हणतात) घेणाऱ्यांचं प्रमाण बघा. ६७ टक्क्यांच्या खाली गेलेलं हायस्कूल केंद्राच्या कायद्यानं मदतीच्या यादीत जातं. टेक्सासमध्ये हायस्कूलच्या निकालाच्या भागात स्टारला ४० टक्के, पुढच्या तयारीला ४० आणि पदवीला २० टक्के असतात.

शेवटची पायरी: फोन आणि फेरी

आकडे झाले की शाळेत जा. येण्याआधी शक्य नसेल, तर ईमेल करा, मुख्याध्यापक उत्तर देतात. राज्याच्या अहवालात नवख्या शिक्षकांचं प्रमाण आणि दर मुलामागे होणारा खर्च असतो, तेही हाताशी ठेवा. मी हे विचारते: तिसरीत यंदा किती शिक्षक नवीन आहेत? मूल वर्षाच्या मध्ये वाचनात मागे पडलं, तर तुम्हाला कधी कळतं आणि मग काय करता? गणितात पुढे असेल, तर? अमुक वर्षी गणिताची प्रगती घसरली, काय झालं होतं?

हा शेवटचा प्रश्न भाचीनं ईमेलवर विचारला. उत्तर दोन दिवसांत आलं, त्यात सारवासारव नव्हती. चौथीच्या दोन शिक्षिका एकाच वर्षी सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागी वर्षभर बदली शिक्षक होते, आता कायम नेमणुका झाल्या आहेत. तिनं ते अपार्टमेंट घेतलं.

ऑगस्टमध्ये दाखल्याला मी तिच्याबरोबर गेले होते. घरच्या भाषेच्या रकान्यात तिनं मराठी लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी स्पेलिंग एकेक अक्षर विचारून संगणकात घातलं आणि म्हणाल्या, यंदाची ही आमची तिसरी मराठी मुलगी. तिसऱ्या आठवड्यात चाचणीचं पत्र आलं: बोलणं आणि वाचणं उत्तम, लिहिण्यात मदत लागेल. आता आठवड्यातून तीनदा एक शिक्षिका तिच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसतात.